पेडल टणक लागलं तर आधी हवेकडे बघा

जुनी डिझेल गाडी रस्त्यात बंद पडते आणि दोर बांधून तिला टोचन करून गॅरेजपर्यंत न्यायचं ठरतं. मागच्या गाडीत स्टिअरिंगवर जो बसतो त्याची पहिल्याच उतारावर धांदल उडते. ब्रेक एकदा लागतो, दुसऱ्यांदा लागतो आणि तिसऱ्यांदा पेडल पायाखाली टणक होऊन बसतं. अंगातला सगळा जोर लावला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. सकाळी हीच गाडी सिग्नलला नुसता पाय टेकवला की थांबत होती. लायनर तेच आहेत, ब्रेक ऑइल तेवढंच आहे, चाकांत काही बदललेलं नाही. बंद पडलं ते इंजिन. मग ब्रेकला काय झालं?

या प्रश्नाचं उत्तर ज्याला नीट कळलं, त्याला जुन्या डिझेल गाडीच्या पॉवर ब्रेकचे बहुतेक बिघाड घरच्या घरी ओळखता येतात. इंजिन चालू असतानाही ब्रेक जड लागायला लागतो, तेव्हा आत घडत असतं ते नेमकं हेच. गॅरेजमध्ये मात्र शोध उलट्या टोकाने सुरू होतो. आधी चाकं खोलून लायनर घासतात, मग ऑइल बदलून एअर काढतात, आणि तरीही पेडल तसंच राहिलं की ‘बूस्टर गेला’ असं सांगून बूस्टर बदलतात. हजारो रुपये जातात. कधी कधी पेडल त्यानंतरही तसंच असतं, कारण जुना बूस्टर ठणठणीत होता, त्याला हवं ते मिळत नव्हतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की पेडल टणक लागत असेल तर पहिला संशय हवेच्या वाटेवर घ्यावा आणि ती वाट एका टोकापासून तपासत जावं. तपासणीला फार हत्यारं लागत नाहीत.

पायाच्या मदतीला हवा

बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्याकडे पाहिलं की एक काळा, गोल, पत्र्याचा डबा दिसतो. हा बूस्टर. त्याच्या पुढे ब्रेक ऑइलची बाटली डोक्यावर घेतलेला मास्टर सिलिंडर असतो आणि मागून पेडलचा दांडा आत शिरलेला असतो. डब्याच्या आत मधोमध रबराचा पडदा ताणलेला असतो. त्याला डायफ्राम म्हणतात. या पडद्यामुळे डब्याच्या दोन खोल्या होतात, एक इंजिनाकडची आणि एक पेडलकडची. इंजिनाकडच्या खोलीला एक जाड पाइप जोडलेला असतो. त्या पाइपमधून आतली हवा सतत ओढून घेतली जाते.

पाय पेडलवर नसतो तेव्हा दोन्ही खोल्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि दोन्हींतली बरीचशी हवा काढून घेतलेली असते. हवा काढून घेतलेल्या या स्थितीला व्हॅक्यूम म्हणतात. दोन्हीकडे सारखीच स्थिती, त्यामुळे पडदा जागच्या जागी. पेडल दाबलं की दांड्यावरचा एक छोटा व्हॉल्व्ह लागोपाठ दोन कामं करतो. दोन खोल्यांमधली वाट बंद करतो आणि मागच्या खोलीत बाहेरची हवा सोडतो. आता पडद्याच्या मागे वातावरणाचा पूर्ण दाब आहे आणि पुढे फारच थोडा. पडदा पुढे सरकतो आणि मास्टर सिलिंडरचा दांडा पायाच्या जोडीने ढकलतो.

लहान मुलं स्टीलचा पेला तोंडाला लावून आतली हवा ओढून घेतात, तेव्हा पेला ओठांभोवती घट्ट चिकटून बसतो. पेला आपण ओढून धरलाय असं मुलाला वाटतं, पण त्याला दाबून धरलेलं असतं ते बाहेरच्या हवेनं. बूस्टरमध्ये तेच घडतं. जोर बाहेरच्या हवेचा असतो, व्हॅक्यूम फक्त तिच्या समोरचा विरोध बाजूला करतो.

हा जोर किती, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. समुद्रसपाटीला हवा प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो भार टाकते. ९ इंच व्यासाच्या पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर भरतं. आतली ८० टक्के हवा काढून घेतली असेल तर पडद्यावरचा भार होतो सुमारे ३२८ किलो. पडदा मागे आणणाऱ्या स्प्रिंगचा विरोध आणि दांड्याने अडवलेली जागा वजा केली तरी आकडा मोठाच राहतो. पाय पेडलवर १५ किलोचा जोर देत असेल, तर पेडलच्या तरफेमुळे त्याचे फार तर साठेक किलो होतात. बूस्टरची मदत गेली की चालकाच्या हाती उरतात ते हे साठ. ब्रेक तेव्हाही शाबूत असतो, नाहीसा होतो तो मदतनीस.

बेल्जियन अभियंता अल्बेर दवांद्र यांनी १९२०च्या दशकात व्हॅक्यूमच्या मदतीने ब्रेक लावायची युक्ती पुढे आणली. मूळ तत्त्व तेव्हापासून बदललेलं नाही, त्यामुळे इथे सांगितलेलं कुठल्याही कंपनीच्या जुन्या गाडीला लागू पडतं. ट्रक-बसचा एअर ब्रेक मात्र वेगळा. तिथे दाबून साठवलेली हवा वापरतात, तो या लेखाचा विषय नाही.

पेडल सोडलं की व्हॉल्व्ह उलटा चालतो. बाहेरची वाट बंद होते, खोल्यांमधली उघडते आणि मागच्या खोलीत शिरलेली हवा पुढच्या खोलीतून पाइपकडे ओढली जाते. म्हणजे प्रत्येक ब्रेकबरोबर बाहेरची हवा डब्यात शिरते आणि पुढचा ब्रेक लागायच्या आत ती बाहेर काढावी लागते. निदानाच्या दृष्टीने ही सगळ्यांत कामाची गोष्ट आहे. ज्या गाडीचा पहिला ब्रेक चांगला लागतो आणि पाठोपाठचा दुसरा-तिसरा जड होतो, त्या गाडीत हवा काढणारा हात थकलेला आहे किंवा कुठून तरी नको ती हवा आत येते आहे. गर्दीतून रखडत चालताना किंवा अरुंद गल्लीत मागेपुढे करून गाडी लावताना हे आधी जाणवतं. मोकळ्या हायवेवर महिनोन्‌महिने कळतही नाही.

पेट्रोलला फुकट, डिझेलला विकत

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटर सोडला की ती जवळजवळ मिटते, आणि इंजिन मात्र हवा ओढायचा प्रयत्न करतच राहतं. त्यामुळे झडपेच्या पलीकडे आपोआप व्हॅक्यूम तयार होतो. बूस्टरचा पाइप तिथे जोडला की काम झालं.

डिझेल इंजिनाची रीत निराळी. जुन्या डिझेल इंजिनात वेग कमी-जास्त होतो तो डिझेल कमी-जास्त सोडून. हवेची वाट बहुतेकांत सताड उघडी असते. जिथे अडवणूक नाही तिथे व्हॅक्यूमही नाही. म्हणून डिझेल गाडीला हवा ओढून घेणारा स्वतंत्र पंप बसवावा लागतो. टाटा सुमो आणि महिंद्राच्या अनेक जुन्या गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो आणि त्याच्याच शाफ्टवर फिरतो. गॅरेजमध्ये त्याला एक्झॉस्टर म्हणतात. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनासारख्या नंतरच्या इंजिनांत तो हेडच्या टोकाला, कॅमशाफ्टवर असतो. तिथे पट्टा तुटायची भीती नाही.

अल्टरनेटरवरचा एक्झॉस्टर खोलून टेबलावर ठेवला तर मुठीत मावेल एवढं यंत्र. गोल पोकळीत थोडा एका बाजूला बसवलेला रोटर, रोटरला खाचा आणि खाचांत मागेपुढे सरकणाऱ्या चपट्या पट्ट्या. रोटर फिरला की पट्ट्या बाहेर फेकल्या जाऊन पोकळीच्या भिंतीला घासत चालतात. दोन पट्ट्यांमधली जागा एका बाजूला मोठी होते, तिथे बूस्टरकडची हवा शिरते. दुसऱ्या बाजूला जागा लहान होते, तिथून हवा बाहेर रेटली जाते. झिजलेल्या पंपात पट्ट्यांच्या कडा गोलसर झालेल्या दिसतात आणि भिंतीवर बोटाला लागतील असे चरे असतात. असा पंप आवाज न करता फिरत राहतो, पण हवा कडेकडेने परत निसटत असते.

या पंपाला इंजिन ऑइल लागतं. एका बारीक नळीतून दाबाने ऑइल येतं, पट्ट्या वंगवतं, फटी बुजवतं, आणि ओढलेल्या हवेबरोबर जाड पाइपातून इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये परत जातं. त्यामुळे ज्या गाडीत ऑइल वेळेवर बदललेलं नाही, तिच्या ब्रेकवर परिणाम होतो! ऐकायला विचित्र वाटतं, पण बारीक नळीच्या बोल्टचं भोक काळ्या गाळाने बुजलं की पंप कोरडा फिरतो आणि लवकर झिजतो. तसंच, पंप आणि अल्टरनेटर यांच्यामधलं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये झिरपतं. कार्बन ब्रश तेलाने माखतात, चार्जिंग मंदावतं. वायरमन कार्बन बदलून देतो आणि काही दिवसांनी तक्रार परत येते. अल्टरनेटरची पाठ तेलकट दिसत असेल तर विजेची आणि ब्रेकची तक्रार एकाच मुळाची आहे, असं धरून चालावं.

आणखी एक फरक मेकॅनिक मंडळींनाही चकवतो. पेट्रोल गाडीचा बूस्टर फाटला की बाहेरची हवा थेट इंजिनात जाते, त्यामुळे इंजिन मिसिंग करतं आणि ब्रेक दाबला की आयडलिंग बदलतं. इंजिनच ओरडून सांगतं. डिझेलमध्ये ती फुकटची खूण मिळत नाही. गळतीची हवा पंपातून चेंबरमध्ये जाते आणि इंजिन नेहमीच्याच सुरात चालत राहतं. फार तर ब्रीदरमधून हवेचा फुगारा वाढतो, आणि ‘रिंगा गेल्या, इंजिन कामाला आलं’ असं चुकीचं निदान होण्याची शक्यता वाढते. डिझेल गाडीत ब्रेकची हवा मुद्दाम तपासावी लागते, ती यासाठी.

पायाने करायच्या तीन चाचण्या

गाडी सपाट जागी, चाकांना दगड लावून उभी करावी.

पहिली चाचणी. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावं. साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल टणक होतं. आता पाय बेताच्या जोराने तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावं. काही क्षणांत पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं, तर हवेची मदत पोचते आहे. अजिबात हललं नाही, तर पंपापासून बूस्टरपर्यंत कुठेतरी वाट तुटली आहे. बराच वेळ घेऊन रेंगाळत सरकलं, तर पंप अशक्त आहे किंवा पाइप चिरलेला आहे.

दुसरी. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करावं आणि पेडल सावकाश, थांबून थांबून दाबावं. पहिल्यांदा ते जास्त खाली जातं, दुसऱ्यांदा थोडं वर थांबतं, तिसऱ्यांदा आणखी वर. ही उतरती मदत म्हणजे बूस्टरमध्ये व्हॅक्यूम कोंडून राहिला होता याचा पुरावा. तो कोंडून ठेवण्याचं काम एक छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह करतो. तो बूस्टरच्या तोंडाशी किंवा पाइपमध्येच बसवलेला असतो आणि हवेला एकाच दिशेने जाऊ देतो. टोचनवर असलेल्या गाडीचे पहिले एक-दोन ब्रेक जे लागतात ते याच्या कृपेने. इंजिन बंद केल्याबरोबर पहिलंच पेडल टणक लागलं तर हा व्हॉल्व्ह, त्याचं रबर किंवा बूस्टर स्वतः गळतोय.

तिसरी. इंजिन चालू असताना पेडल दाबून ठेवावं आणि पाय न हलवता इंजिन बंद करावं. अर्धा मिनिट पेडल जिथल्या तिथे राहिलं पाहिजे. हळूहळू पायाला वर रेटायला लागलं, तर दाबलेल्या स्थितीत बूस्टरच्या आत हवा शिरते आहे, म्हणजे पडद्याला चीर आहे किंवा आतला व्हॉल्व्ह नीट बसत नाही. दुसरी चाचणी पास होऊन ही नापास झाली, तर बूस्टरवरचा संशय पक्का होतो.

या तिन्ही वेळी कानही उघडे ठेवावेत. पेडल दाबताना क्षणभर ‘फुस्स’ असा बारीक आवाज येणं बरोबर आहे, मागच्या खोलीत हवा शिरते त्याचा तो आवाज. पाय स्थिर ठेवल्यावरही, किंवा पेडलला पाय न लावताही पेडलच्या मुळाशी फुसफुस चालूच राहिली तर बूस्टर गळतोय. पंखा, एसी बंद ठेवून, काचा वर करून ऐकावं. जुन्या डिझेलच्या आवाजात हे सहज निसटतं.

पंप, पाइप की बूस्टर?

पुढचा शोध बॉनेटखाली. ओढणी, सैल बाह्या, मफलर पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवूनच हे काम करावं.

सुरुवात पाइपपासून करावी, कारण तो सगळ्यांत स्वस्त आहे आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षिला जातो. इंजिनाच्या उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने रबर वर्षानुवर्षं कडक होत जातं. चीर पडते ती बहुतेकदा क्लॅम्पच्या खाली किंवा वळणाच्या आतल्या बाजूला, वरून नजरेला दिसणार नाही अशी. क्लॅम्प सैल करून पाइपचं टोक वाकवून पाहावं. बारीक भेगांचं जाळं दिसलं की तो पाइप बदलायचाच. अजून एक चोर फसवा असतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पाइपचा आतला थर सुटतो आणि हवा ओढली जात असताना आत मिटतो. इंजिन बंद करून तपासलं की सगळं ठीक दिसतं. तिथे रेडिएटरच्या उरलेल्या तुकड्यातला साधा पाण्याचा होज बसवू नये. व्हॅक्यूमला टिकणारा, जाड भिंतीचाच पाइप हवा.

मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तो काढून, पुसून, तोंडाने फुंकून पाहिला तरी कळतं. बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा जाईल, पंपाच्या बाजूने फुंकलं तर अडेल. दोन्हीकडून गेली किंवा दोन्हीकडून अडली तर तो बाद. बूस्टरमध्ये बसणाऱ्या टोकावर तेल आढळलं तर त्याकडे गांभीर्याने पाहावं. पंपातलं ऑइल मागे येतंय याची ती खूण आहे. बूस्टरच्या रबराला इंजिन ऑइल सोसत नाही, ते फुगून सैल पडतं. अशा गाडीत व्हॉल्व्ह न बदलता नवा बूस्टर टाकला तर त्याचीही तीच गत होते.

पंपाची पारख व्हॅक्यूम गेजने होते. चांगल्या गॅरेजमध्ये ते असतं आणि विकतही फार महाग नाही. गेज थेट पंपाच्या तोंडाला जोडून इंजिन आयडलवर चालवावं. समुद्रसपाटीला पूर्ण निर्वात म्हणजे पाऱ्याचे जवळजवळ ३० इंच. चांगला पंप काही सेकंदांत २४-२५ च्या पुढे नेतो. काटा १५-१६ वरच घुटमळत असेल, किंवा ॲक्सिलरेटर दिल्यावरच वर चढत असेल, तर आधी पट्टा घसरतोय का आणि बारीक नळीतून ऑइल येतंय का ते बघून मगच पंपाला दोष द्यावा.

इथे उंचीचा विचार सोडून चालत नाही. बाहेरच्या हवेचाच दाब कमी असेल तर गेजही कमी दाखवणार. मुंबईत पूर्ण निर्वात ३० इंचांजवळ असेल, तर पुण्यात ते २८ च्या आसपास आणि महाबळेश्वरला साधारण साडेपंचवीस असतं. तिथे २२-२३ इंच दाखवणारा पंप तंदुरुस्त आहे. लेहला, ३,५०० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहूनही किंचित कमी होतो. कुठल्याही गाडीचा बूस्टर तिथे तेवढाच दुबळा पडतो, बिघाड काहीही नसताना. ऐपतीच्या काठावर आलेला जुना पंप कोकणात कसाबसा चालून जातो आणि घाटमाथ्यावर त्याचं खरं रूप दिसतं, ते यामुळेच.

पंप चांगला निघाला तर गेज ‘टी’ जोडाने बूस्टरजवळच्या पाइपला, व्हॉल्व्ह आणि बूस्टर यांच्यामध्ये लावावं. काटा पंपाजवळच्याइतकाच चढला आणि इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं टिकून राहिला, तर वाट शुद्ध आहे. काटा भराभर पडत असेल तर बूस्टर आणि गेज यांच्यामधला पाइप चिमट्याने दाबून चाचणी पुन्हा करावी. आता टिकला, तर गळती बूस्टरची. तरीही पडला, तर व्हॉल्व्हची किंवा त्याच्या जोडांची. बूस्टर बदलायचा निर्णय या पायरीवर घ्यावा, आधी नाही.

नंतरच्या काही गाड्यांत याच पाइपवरून बारीक नळ्या निघून टर्बोकडे, ईजीआरकडे जातात. त्यातली एखादी निसटली तरी ब्रेकचा व्हॅक्यूम कमी होतो. १९७६ ते १९८५ या काळातल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ डिझेल गाड्यांत तर दारांची सेंट्रल लॉक आणि इंजिन बंद करणारी यंत्रणाही व्हॅक्यूमवर चालत असे. दारातली एक नळी गळली की किल्ली काढूनही इंजिन चालूच राहायचं! अशा गाडीत इंजिन बंद व्हायला वेळ लागणं हे व्हॅक्यूम गळत असल्याचं लक्षण मानलं जातं. एकेक शाखा बंद करून पाहणं, हाच तिथला मार्ग.

[चौकट] घाट उतरताना मदत गेली तर

एक्झॉस्टर अल्टरनेटरवर असलेल्या गाडीत पट्टा तुटला की चार्जिंग आणि ब्रेकची मदत एकदमच जाते. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. अशा गाडीत तो दिवा ब्रेकचाही इशारा आहे. ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नये.

पेडल पुन्हा पुन्हा दाबू नये. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकपुरताच असतो. एकदाच दाबावं आणि दाबूनच ठेवावं, गरज पडली तर दोन्ही पायांनी.

गियर एकेक करून खाली आणावा, इंजिनाला गाडी अडवू द्यावी. हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढावा, एकदम खेचू नये.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडण्याची खोड काही चालकांना असते. ते हवेची मदत आणि इंजिनाचा अडसर दोन्ही स्वतःच्या हाताने काढून टाकतात. कृपा करून हे कुणीही करू नये.

सारखी दिसणारी, पण वेगळी दुखणी

वर सांगितलेलं सगळं टणक पेडलबद्दल आहे. पेडल खाली जात असेल तर रोख बदलावा लागतो. स्पंजी लागणारं, दोनदा पंप केल्यावर वर येणारं पेडल म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये एअर, किंवा मागच्या ड्रममधले शू सैल. पाय ठेवल्या ठेवल्या सावकाश खाली बसणारं पेडल म्हणजे मास्टर सिलिंडरचे वायसर गेलेले. बाटलीतलं ऑइल कमी होतंय आणि बाहेर कुठेच गळती दिसत नाही, अशा वेळी मास्टर सिलिंडरचे दोन नट सैल करून तो जरा पुढे घ्यावा आणि बूस्टरकडची बाजू पाहावी. तिथे ओल असेल तर ऑइल बूस्टरमध्ये जातंय. तेव्हा मास्टर सिलिंडर दुरुस्त न करता नुसता बूस्टर बदलण्यात अर्थ नाही.

घाटातला गोंधळ थोडा सविस्तर सांगायला हवा. लांब उतारावर सतत ब्रेक लावत आलेल्या गाडीत दोन गोष्टी होऊ शकतात. लायनर आणि पॅड अति तापले की त्यांची पकड सुटते. पेडलची चाल नेहमीइतकीच असते, मदतही मिळत असते, तरी गाडी थांबत नाही. याला ब्रेक फेड म्हणतात. गरम लायनरचा करपट वास येतो आणि गाडी निवली की ब्रेक पूर्ववत होतो. बूस्टरचा बिघाड निवल्याने बरा होत नाही, हा दोघांतला साधा फरक.

दुसरी गोष्ट ऑइल उकळण्याची. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरलेला चालेल, असं तेच मानक धरतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षं तेच ऑइल घेऊन फिरणाऱ्या गाडीत चाकाशी वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल थेट तळाला जातं. हे दुखणं टणक पेडलच्या अगदी उलट टोकाचं आहे. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदललं तर ते उद्भवतच नाही.

बदलल्यानंतरची काळजी

बूस्टर खरोखरच बदलावा लागला तर एका मापाकडे लक्ष द्यावं लागतं. बूस्टरमधून पुढे आलेला दांडा आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात किंचित फट असावी लागते. ती गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. दांडा लांब राहिला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइलला बाटलीत परतायची वाट बंद राहते आणि ब्रेक धरून ठेवतो. गाडी पाच-दहा किलोमीटर चालली की ड्रम तापतात, ॲव्हरेज पडतं, गाडी ओढत नाही. याची पारख सोपी आहे. ब्रेक धरलेला असताना मास्टर सिलिंडरचे नट दोन-तीन फेरे सैल करावेत. चाकं मोकळी झाली तर दांड्याचं माप चुकलंय. तरीही धरलेली राहिली तर कारण चाकाशी किंवा ऑइलच्या पाइपमध्ये शोधावं. दांडा उलट आखूड राहिला तर पेडल बरंच खाली गेल्यावर ब्रेक लागतो, आणि गॅरेजवाला एअर काढत बसतो.

जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा बूस्टर आणून बसवायचा मोह टाळावा. आकार जुळला तरी पडद्याचा व्यास, दांड्याची लांबी आणि आतल्या व्हॉल्व्हचा स्वभाव वेगळा असू शकतो. पंपाच्या बाबतीत चांगला कारागीर पट्ट्या आणि सील नवी टाकून पंप पुन्हा उभा करतो, मात्र भिंतीवर चरे पडले असतील तर नवाच घ्यावा.

काम झाल्यावर गाडी रस्त्यावर काढण्याआधी पायाच्या तिन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात. मग मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने गाडी सोडून लागोपाठ चार-पाच ब्रेक मारावेत. पहिल्या आणि पाचव्या ब्रेकला पायावर सारखाच जोर लागला पाहिजे. पाचवा जड लागला तर गेज पुन्हा पंपाला जोडायचं.